पडद्यावर फक्त अक्षर होतं

टीव्ही केंद्रातल्या लोकांनी त्यांचं नाव 'क्षमस्व' ठेवलं, ते काही स्वभाव बघून नव्हे. कुणाची माफी मागणाऱ्यातले ते नव्हतेच. स्वतःच्या हातून चहा सांडला तरी कपाकडे रागाने बघणारा माणूस. पण केंद्र सुरू झालं तेव्हापासून पडद्यावर दिसणारं प्रत्येक अक्षर त्यांच्या हातचं असायचं. काळ्या पुठ्ठ्यावर बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगात अक्षरं बसवायची आणि पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर उभा करायचा, की झाली पाटी. बातम्यांची पाटी, हवामानाची पाटी, हरवलेल्या माणसांची पाटी. आणि सगळ्यांत जास्त लागायची ती 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. केंद्र नवं होतं पण यंत्रं कुणीतरी वापरून टाकलेली, त्यामुळे ही पाटी दिवसाआड ठरलेली. या केंद्राचा सगळ्यांत लोकप्रिय कार्यक्रम हाच, असं लोक म्हणायचे.

क्षमस्वांना या थट्टेचं काही वाटत नसे. उलट त्या पाटीवर त्यांचा जीव होता. "बातम्यांची पाटी कोण बघतं? डोळा लगेच बाईंच्या साडीकडे जातो," ते म्हणत. "माझी ही पाटी माणूस बसून वाचतो. दुसरं करणार काय?" 'क्ष' हे अक्षर ज्याला साधलं तो अक्षरवाला, बाकीचे भिंती रंगवणारे, असं त्यांचं मत होतं आणि ते न विचारताही सांगत.

ही पाटी दोन ठिकाणी असायची. केंद्र शहरात होतं आणि मनोरा डोंगरावर. केंद्रातलं चित्र आधी मनोऱ्याकडे जाई आणि तिथून घराघरांत. मधली जोडणी तुटली तर लोकांनी कोऱ्या काचेकडे बघत बसू नये, म्हणून मनोऱ्यावरच्या इंजिनिअरकडे एक छोटा कॅमेरा आणि पाटीची एक प्रत ठेवलेली होती. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

क्षमस्वांना एकच मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आता काही होत नाही म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिल्यावर झालेली. तोंडाची टकळी अशी की घरात तिला 'बडबडी'च म्हणत. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांबरोबर केंद्रात यायची, त्यांच्या टेबलाखाली बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बुटांशी बोलायची. एकदा ती शिपायाला कागदाचा बेडूक कसा करायचा हे शिकवत होती. मुलांच्या कार्यक्रमातल्या ताईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "हिला कॅमेऱ्यासमोर बसवू या की."

रेकॉर्डिंगला क्षमस्व कॅमेऱ्याच्या मागे, शेवटच्या पाट्या हातात धरून उभे होते. बडबडीला उंच खुर्चीवर बसवलं होतं. तिने कागद घेतला, घडी घातली, उलटी घडी घातली आणि मधेच अडली. मोठी माणसं अशा वेळी घाबरतात. ही थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "थांबा हं, चुकलं माझं." कागद उलगडला, मांडीवर घासून सरळ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बेडूक झाला, त्याने उडी मारली आणि तो ताईंच्या ओच्यात पडला. टेप कापायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून चूक तशीच राहिली. क्षमस्वांना ती चूकच सगळ्यांत आवडली होती. बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. "तूच बघ," एवढंच म्हणाले.

ज्या संध्याकाळी तो कार्यक्रम लागायचा होता त्या संध्याकाळी त्यांनी रजा घेतली. इमारतीत टीव्ही त्यांच्याच घरी, त्यामुळे शेजारपाजारच्या खुर्च्या, स्टुलं आणि ती घेऊन येणारी माणसं, सगळं त्यांच्या खोलीत. बडबडी कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये पुढे बसली होती. कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं. पडद्यावर मुंग्या आल्या. मग पाटी आली.

"येईल आत्ता," सगळे म्हणाले.

पाटी हलेना. थोड्या वेळाने क्षमस्व खाली दुकानात गेले आणि केंद्रात फोन लावला. नियंत्रण कक्षातला माणूस ओळखीचा होता. "डोंगराकडची जोडणी गेली हो," तो म्हणाला. "आज काही खरं नाही."

"मग टेप थांबवा ना. जोडणी आली की लावा."

"थांबवून कसं चालेल? वेळापत्रकाप्रमाणे इथे सगळं चालूच ठेवायचं असतं. जोडणी आली की लोकांना त्या वेळचं दिसलं पाहिजे." मग तो जरा हसला. "आम्ही बघतोय ना इथे. छान बोलते हो पोरगी तुमची."

म्हणजे केंद्रातल्या पडद्यावर बडबडी बेडूक करत होती, आणि तिच्या आईसमोर तिच्या बापाचं अक्षर होतं. क्षमस्व वर आले तेव्हा कोपऱ्यातली म्हातारी शेजारीण म्हणत होती, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." त्यावर बायको जे बोलली त्यामुळे ते घर आणि हे घर पुढे कित्येक महिने बोलत नव्हतं. चिडली नाही ती फक्त बडबडी. ती शेजारच्या पोरांना पाटी दाखवत होती. "हे माझ्या बाबांनी काढलंय. सगळ्यांच्या घरी आत्ता हेच दिसतंय." पाटी रात्रीपर्यंत राहिली. एवढा वेळ पडद्यावर दुसरं कुणीच कधी राहिलं नसेल. केंद्रात 'क्षमस्व' हे नाव पडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ताई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात परत लावू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेची मुलं ठरलेली होती. मग म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नक्की. क्षमस्वांनी रेटलं नाही. घाई काय होती? पोरगी धडधाकट होती, टीव्ही कुठे पळून जात नव्हता. मग तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. पुढचा महिना तिने पाहिलाच नाही.

त्यानंतर काही काळाने बायकोने पहिल्यांदा विचारलं, "कशी बोलली होती ती, सांगा ना." दिवेलागणीची वेळ होती. क्षमस्वांनी सांगितलं. खुर्ची उंच होती, पाय टेकत नव्हते, कागद घेतला, अडली, "थांबा हं, चुकलं माझं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. मग ती रीतच पडली. दिवे लागले की ती विचारायची आणि ते सांगायचे. भांडण असो, पाहुणे असोत, ताप असो. सांगून सांगून ती गोष्ट त्यांच्या पाटीसारखी झाली, कुठे रंग ओघळलेला नाही, कुठे अक्षर वाकडं नाही. आणि त्याचीच त्यांना भीती वाटायला लागली. "थांबा हं" ती खरंच म्हणाली होती, की ताई म्हणाल्या होत्या? कागद पिवळा होता, असं आपण कधीपासून सांगायला लागलो? बायकोला ते हे कधी बोलले नाहीत. तिच्याकडे पोरीचं तेवढंच शिल्लक होतं आणि ते ह्यांच्या तोंडात होतं.

टेपेबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. टेपा महाग असत, म्हणून प्रसारण झालं की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढवायची पद्धत होती. पण हा कार्यक्रम तर कुणी पाहिलाच नव्हता, तेव्हा टेप असणारच, असा त्यांचा हिशेब. पोरगी गेल्यावर ते टेपखान्यात गेले. तिथले नाना मोठे दयाळू. त्यांनी क्षमस्वांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "असेल कुठेतरी. बघतो मी." पुढे कितीदा तरी विचारलं आणि नानांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. असं ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. नाना निवृत्त झाले, नंतर वारले. केंद्रात संगणकातून अक्षरं यायला लागली, सगळी एका मापाची, शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी, आणि क्षमस्वही घरी बसले. तरी ते 'असेल कुठेतरी' त्या दोघांच्या घरात राहिलं.

मग बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने विझत आली. मधलं तेवढं दिसायचं, तेही टीव्हीला नाक लावून बसलं तर. गेलेलं परत येत नाही आणि राहिलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर ती म्हणाली, "एकदा शेवटचं विचारून बघा हो. दिसतंय तोवर."

क्षमस्व जायचा धीर गोळा करत होते तोच केंद्रातूनच फोन आला. बोलणारी बाई निर्माती होती. रोज संध्याकाळी 'आजच्या दिवशी' नावाचा थेट कार्यक्रम करायची. टीव्हीच्या इतिहासात त्या त्या तारखेला काय काय घडलं ते दाखवायचं. या तारखेला पहिल्यांदा हवामानाचा नकाशा रंगीत झाला, या तारखेला बातम्या वाचणाऱ्या बाईंना अर्थसंकल्पाच्या मधोमध उचकी लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही, असं काहीबाही. तर त्या पाटीच्या संध्याकाळची तारीख जवळ आली होती.

"काका, ती संध्याकाळ म्हणजे आमच्या केंद्राचा इतिहास आहे," निर्माती म्हणाली. "आणि ते अक्षर तुमचं. तुम्ही स्टुडिओत यायलाच हवं."

क्षमस्व म्हणाले, "येतो. पण त्या संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमाची टेप लागली होती. ती शोधून द्याल तर येतो."

"शोधू की. त्यात काय," ती म्हणाली. कारण तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी ते सकाळीच केंद्रात गेले. टेपखाना आता तळघरात होता, थंडगार. तिथला तंत्रज्ञ मितभाषी होता पण कामाला चोख. एकेक खोका काढून तो त्यांना दाखवायचा. खोक्यांवर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली, जसजशी टेप नव्याने वापरली तसतशी. एका खोक्याची वरची चिठ्ठी सुकून अर्धी सुटली होती आणि खाली क्षमस्वांच्या हातचं अक्षर होतं. कार्यक्रमाचं नाव आणि तीच तारीख.

इथे त्यांच्या हातून चूक झाली. जन्मभर केंद्रात काम केलेल्या माणसाला वरच्या चिठ्ठीचा अर्थ कळायला हवा होता. पण त्यांना दिसलं फक्त खालचं अक्षर. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"सापडली," ते म्हणाले.

"कोण?" बायकोने विचारलं.

"टेप गं. तिची."

मग ती म्हणाली, "आज दाखवतील?"

"दाखवतील की. त्या बाईंना सांगतो."

"मग मी शेजारच्यांना बोलावते. त्या वेळी आले होते ना सगळे."

थांब म्हणायला हवं होतं. ते "बोलाव" म्हणाले.

तंत्रज्ञाने टेप यंत्रावर चढवली. पडदा उजळला आणि त्यावर एक दंतवैद्य आला. हातात प्लास्टरची भलीमोठी दाढ. दात वरून खाली घासावेत, आडवे घासू नयेत, हे तो फार कळकळीने सांगत होता.

"ही वेगळी टेप आहे," क्षमस्व म्हणाले.

"टेप तीच आहे, काका," तंत्रज्ञ म्हणाला. त्याने वरची चिठ्ठी पुढे केली. "त्याच आठवड्यात हे चढवलंय. तुमचा कार्यक्रम केंद्रात लागला होता ना, म्हणून 'प्रसारित' असा शिक्का बसला. मनोऱ्यावरून पुढे गेला नाही, हे टेपखान्याने कशाला बघावं? प्रसारित झालेली टेप मोकळी."

म्हणजे बडबडी घरात दंगा करत होती, तेव्हाच ती टेपेवरून गेली होती. आणि नानांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिक्का त्यांचाच. क्षमस्वांना त्या मेलेल्या माणसाचा राग आला. नाही म्हणाला असता तर त्याच दिवशी रडून मोकळे झालो असतो. एका माणसाच्या दयेपायी आपण बायकोला जन्मभर दारात उभं केलं.

तंत्रज्ञाला त्यांचा चेहरा बघवला नसावा. तो म्हणाला, "हे भाषण तुमच्या कार्यक्रमापेक्षा लहान असेल तर शेवटचा तुकडा उरलेला असतो कधीकधी. बघू या." दोघं दंतवैद्य संपायची वाट बघत बसले. दंतवैद्याला घाई नव्हती. त्याने हिरड्यांबद्दल सांगितलं, दुधाच्या दातांबद्दल सांगितलं, नमस्कार केला आणि गेला. मग मुंग्या. मग एकदम ते संगीत.

क्षमस्व खुर्चीतून उठले. पडद्यावर काळी पाटी आली. निर्मिती. कॅमेरा. ताईंचं नाव. मग 'सहभाग', आणि त्याखाली बडबडीचं शाळेतलं पूर्ण नाव, ठसठशीत, एकेक काना सरळ. नंतर 'अक्षरलेखन', आणि त्यांचं स्वतःचं. संगीत थांबलं आणि टेप संपली.

एवढंच. ना चेहरा, ना हात, ना शब्द. त्या पाट्या त्यांनीच स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यासमोर धरल्या होत्या, आणि पाटीच्या पलीकडे, चार पावलांवर, ती खुर्चीवरून उतरत होती. त्यांना हे आठवलं.

निर्मातीने तो तुकडा पाहिला आणि टाळीच वाजवली. "काका, हे सोनं आहे हो. त्याच संध्याकाळचं तुमचं अस्सल अक्षर. आज हेच दाखवू या."

क्षमस्व घरी फोन करायला गेले. फोन उचलला गेला तेव्हा मागे माणसांचा गलका होता, खुर्च्या सरकत होत्या. "अहो, डोळ्यांत थेंब घालून बसलेय मी," बायको म्हणाली. "अगदी जवळ बसलेय. काळजी करू नका, दिसेल मला." तिच्या आवाजात असं काही होतं की क्षमस्वांना खरं सांगवेना. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नाना असेच म्हणत आले असतील, हे तेव्हा त्यांच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी त्यांना स्टुडिओत दिव्यांखाली बसवलं. निर्मातीने आधी त्या तारखेच्या इतर गमती सांगितल्या. मग ती संध्याकाळ आली. पाटी पडद्यावर राहिल्याची कथा तिने रंगवून सांगितली. "आणि आज आमच्या हाती लागलाय," ती म्हणाली, "त्याच संध्याकाळच्या मुलांच्या कार्यक्रमाचा एक दुर्मीळ तुकडा."

समोरच्या छोट्या पडद्यावर संगीत सुरू झालं. क्षमस्वांना आपली खोली दिसली. पुढे सरकलेली बायको, काचेला टेकायला आलेलं तिचं कपाळ, मागे सगळे गप्प. पाटी आली. एक, मग दुसरी. निर्माती हसतमुखाने त्यांच्याकडे वळली. "काका, इतक्या वर्षांनी आपलंच अक्षर बघून काय वाटतंय?"

क्षमस्वांनी तिच्याकडे बघितलंच नाही. लाल दिवा लागलेला कॅमेरा कुठला ते त्यांना न सांगता कळत होतं. त्यात बघून ते म्हणाले, "अगं, बंद कर टीव्ही. ती नाहीये त्यात. हे एवढंच आहे. माझं अक्षर आहे नुसतं. ती पुसली गेली गं, तेव्हाच. तू ऊठ तिथून."

निर्मातीच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, ती "छोट्याशा विश्रांतीनंतर" असं काहीतरी म्हणाली आणि जाहिरात लागली. मग ती क्षमस्वांजवळ आली आणि "काका, मला माहीत नव्हतं हो" म्हणून रडायला लागली. तिची चूक नव्हती. पण ते तिला तसं न सांगताच उठून चालायला लागले.

घरी पोचले तेव्हा माणसं गेली होती. खुर्च्या तशाच अर्धवर्तुळात होत्या. टीव्ही चालूच होता, आवाज बंद केलेला, आणि बायको त्याच्यासमोर बसली होती.

"बंद कर म्हटलं होतं मी," क्षमस्व म्हणाले.

"ऐकलं." ती त्यांच्याकडे वळली नाही. "म्हटलं, तुम्हाला चुकून दिसलं नसेल. शेवटपर्यंत बघितलं मी."

क्षमस्व मागच्या खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "नाव छान काढलं होतंत तिचं." मग तिने हाताने चाचपत बटण शोधलं आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तसे क्षमस्व नेहमीप्रमाणे तिच्याजवळ जाऊन बसले. तिने विचारलं नाही. थोडा वेळ वाट बघून त्यांनी आपणच सुरुवात केली. "खुर्ची उंच होती. पाय टेकत नव्हते तिचे..."

"राहू द्या," बायको म्हणाली.

ती गोष्ट सांगायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.